सुंदा देशातील एक खेडे : घर, शेत आणि वाट

जावा बेटाचे नाव आपल्याकडील सुशिक्षित घरांत अपरिचित नाही. बोरोबुदूरच्या निमित्ताने ते कानांवर पडलेले असते. परंतु या बेटाचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग हा वस्तुतः निराळाच प्रांत होय. येथील लोक स्वतःस जावानीज म्हणवीत नाहीत. ते सुंदा लोक, आणि त्यांची भाषाही सुंदा. इंडोनेशियात संख्येने त्यांचा क्रम जावानीजांच्या खालोखाल लागतो. पाचव्या शतकात येथे पूर्णवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या पावलांची तुलना विष्णूच्या पावलांशी करणारा संस्कृत शिलालेख या प्रांतात सापडला आहे. पुढे पजाजरानचे राज्य १५७९ साली लयास गेले, आणि आज सुंदा लोक जवळजवळ सर्व मुसलमान आहेत. तरीही त्यांच्या लोककथांतील भाताच्या देवतेस ‘न्यी पोहाची सांगह्यांग अस्री’ असे म्हणतात. या लांबलचक नावाच्या शेवटी आपली ‘श्री’ सुखाने नांदत आहे, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

या प्रांतातील एक खेडे आपण जवळून पाहू. गारुत आणि तासिकमलाया या गावांमधील रस्त्यावरून चारशेहून अधिक पायऱ्या उतरल्या की चिवुलान नदीच्या काठी कांपुंग नागा ही वस्ती लागते. या नावाचा नागाशी संबंध नाही. ‘ना गविर’, म्हणजे कड्याच्या अंगचे, यावरून ते पडले असे तेथील लोक सांगतात. सुमारे दीड हेक्टर जागेत शंभरावर घरे दाटीने उभी आहेत. भिंती बांबूच्या व लाकडाच्या, छप्पर ताडवर्गातील झाडाच्या काळ्या तंतूंचे, आणि सारे घर दगडांवर उचलून धरलेले. विटांची भिंत परंपरेस मान्य नाही. वीजही त्यांनी वस्तीत येऊ दिलेली नाही. घरांशेजारी माशांची तळी आहेत, भात कांडण्यासाठी स्वतंत्र मांडव आहे, आणि सभोवार पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे.

या घरांची एक रीत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दोन्ही दारे एकाच बाजूस असतात. मागील दार नसते. पुढल्या दाराने आलेले भाग्य मागल्या दाराने निघून जाऊ नये, हा त्यातील हेतू. जुन्या पद्धतीच्या सुंदा घरात तांदळाची एक लहानशी खोली असते, तिला ‘गोआह’ म्हणतात. तेथे पुरुषाने पाऊल टाकायचे नाही असा दंडक आहे. धान्य किती उरले आणि किती काढावयाचे, हा विचार घरधनिणीचा.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकास याहून अधिक नवल वाटेल ते पुढेच आहे. सुंदा लोकांत आपल्यासारखे एकत्र कुटुंब नाही. विवाह झाला की काही काळ आईबापांजवळ, बहुधा मुलीच्या माहेरी, राहून जोडपे आपली चूल निराळी मांडते. त्यामुळे मालमत्तेचा विचार कुळाच्या अंगाने न होता जोडप्याच्या अंगाने होतो. विवाहापूर्वी जे ज्याचे, ते त्याचेच राहते. विवाहानंतर दोघांनी मिळवलेल्या संपत्तीस ‘गुनाकाया’ असे नाव आहे. येथे ‘काया’ म्हणजे देह नव्हे, संपन्नता. हीच विभागणी इंडोनेशियाच्या १९७४ च्या विवाहकायद्याने देशभर मान्य केली, आणि १९९१ च्या मुस्लिम विधिसंहितेने काडीमोडानंतर या समाईक मिळकतीचा अर्धा वाटा पत्नीस देऊ केला. निर्धन पुरुषाने धनवान स्त्रीशी विवाह केल्यास सुंदा भाषेत त्यास ‘अंबाड्याच्या आश्रयास जाणे’ अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे. जुन्या रूढीप्रमाणे अशा घरात गुनाकाया होतच नसे. ज्याने काही आणले नाही, त्याने वाटाही मागू नये, असा तो रोखठोक न्याय.

वारशाची गोष्ट याहून नाजूक. धर्मशास्त्राप्रमाणे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा. परंतु पुष्कळ आईबाप आपल्या हयातीतच मुलांस व मुलींस शेताचे तुकडे देऊन टाकतात, आणि मागाहून होणारा तंटा टाळतात. यात मुलींचे हित होते खरे. पण शेताचे काय होते? दर पिढीस खाचराचे तुकडे पडतात. जावातील बहुसंख्य शेतकरी कुटुंबांकडे आज अर्धा हेक्टरही जमीन नाही. १९६० च्या कायद्याने प्रत्येक कुटुंबास निदान दोन हेक्टर जमीन असावी असे ध्येय ठरवले, आणि त्याहून लहान तुकडे पडतील अशा विक्रीस बंदी केली. मात्र वारसाहक्काच्या वाटण्या या बंदीतून वगळल्या. जेथून पाणी झिरपत होते ते भोक तसेच राहिले! त्याच कायद्याने सात वर्षे वा अधिक काळ गहाण पडलेली शेते पैसे न घेता मूळ धन्यास परत करावीत असे फर्माविले. यावरून गहाणाचा फास तेथेही किती घट्ट असला पाहिजे याची कल्पना येते.

ज्यांस जमीन नाही ते दुसऱ्याचे शेत अर्धेलीने करतात, किंवा कापणीस जाऊन धान्याचा वाटा मिळवितात. पूर्वी ही कापणी मुख्यतः बायकांची असे. तळहातात मावेल एवढ्या पात्याने त्या एकेक लोंबी खुडीत, आणि येईल तिला काम मिळे. १९७० च्या सुमारास भाताची नवी वाणे आली, विळा आला, उभे पीक विकत घेणारा व्यापारी आला. आणि गरीब बायकांच्या हातचा हा वाटा पुष्कळ ठिकाणी गेला.

शेत पुरेना, तेव्हा पाय रस्त्याकडे वळतात. या प्रांतातील वाटा प्रथम रयतेच्या सुखासाठी झाल्या नव्हत्या. डच अमलात येथील शेतकऱ्यांस कॉफी लावण्याची व ती वखारीपर्यंत पोहोचविण्याची सक्ती होती. ही पद्धत १९१७ च्या सुमारास संपली. १८०८ साली गव्हर्नर डांडेल्सने वेठबिगारीने जो थोर टपालरस्ता करविला, तो याच डोंगरांतून बांदुंगवरून जातो. बांदुंगला आगगाडी १८८४ साली आली; २०२३ पासून जकार्ता ते बांदुंग हे सुमारे १४२ किलोमीटरचे अंतर अतिवेगवान गाडीने पाऊण तासात काटता येते. खेड्यातील माणसाचा प्रवास मात्र आधी पायी, मग ‘ओजेक’ म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, मग लहान प्रवासी मोटारीत, असा होतो. तरुण मुलेमुली कारखान्यांत व दुकानांत जातात. आणि रमजान ईदेच्या सुमारास सारे रस्ते गावाकडे परतणाऱ्या माणसांनी तुडुंब भरतात.

येथे नागा गावाने शोधलेला मार्ग विचार करण्यासारखा आहे. वस्तीची जागा वाढवावयाची नाही, हा त्यांचा निश्चय. ज्यांस जागा पुरत नाही ते बाहेर राहतात. परंतु बाहेर गेलेला परका होत नाही; पूर्वजांची रीत पाळणारा नागाचाच समजला जातो. वर्षातून सहा वेळा ठरलेल्या महिन्यांत ‘हजात सासिह’ नावाचा विधी होतो. त्या दिवशी पुरुष नदीत स्नान करून पूर्वजांच्या समाधीकडे जातात, आणि बाहेरचे आप्तही येऊन मिळतात. १९५६ साली दारुल इस्लामच्या बंडखोरांनी हे गाव जाळले. जुने दस्तऐवज त्यात नष्ट झाले, आणि आपल्या गावाचा आरंभ केव्हा झाला हे सांगण्याचे साधनच लोकांजवळ उरले नाही. तरी घरे पुन्हा त्याच जागी, त्याच तोंडाने, त्याच बांबूची उभी राहिली.

कागद जळाले, पण घर कसे बांधावयाचे हे हातांस ठाऊक होते. शेत वाटले जाते, चूल वेगळी होते, मुले दूर जातात. हे कोणत्या घरास चुकले आहे? नागाच्या लोकांनी वाटणी थांबविली नाही. जे वाटावयाचे नाही तेवढे त्यांनी आधी ठरवून घेतले, आणि परत येण्याचे दिवस नेमून ठेविले.