एकाच तालुक्यातले दोन मंडप

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत 29 ऑगस्ट 2023 रोजी मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. 1 सप्टेंबरला तिथे पोलिसांचा लाठीमार झाला आणि आंदोलनाचं लोण राज्यभर पसरलं. पुढे जून 2024 मध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी वडीगोद्रीत बसले. दोन्ही गावं जवळजवळ, बाजार एक, तहसील एक. एका मंडपात ‘आमच्या हक्काचं द्या’, दुसऱ्यात ‘आमच्या ताटातलं घेऊ नका’. दोन्हीकडची भीती खरी आहे.

भांडण कागदापाशी येऊन का थांबलं, ते आधी समजून घेऊ. विदर्भात पंजाबराव देशमुखांच्या प्रयत्नांमुळे शेतकऱ्यांच्या नोंदी कुणबी म्हणून झाल्या. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, इथलं जुनं दप्तर वेगळं. सरकारने 7 सप्टेंबर 2023 रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि तहसिलांतली बासनं सुटली. खासरा पत्रकं, गाव नमुना 14, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर. काही पानं मोडीत, काही उर्दूत. वाचणारा जाणकार पानावर बोट ठेवून ओळ लावतो. पणजोबाच्या नावापुढे ‘कुणबी’ निघालं तर ओबीसी म्हणून कुणबी दाखल्याची वाट मोकळी, नाही निघालं तर त्याच भावकीतला दुसरा पोरगा बाहेर. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने कुणबी नोंदींसाठी निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला, आणि वाद पुन्हा पेटला.

पण एका ओळीवर माणसाचं पुढारलेपण ठरतं का? अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतून जायकवाडीचा डावा कालवा जातो. पाटाखाली जमीन असलेल्याचा ऊस, आणि वरच्या माळावर दोन एकर कापूस लावून आभाळाकडे बघणारा, हे दोघे जातीने एकच असू शकतात. एकाच्या घरात दोन पिढ्या नोकरदार, दुसऱ्याची मुलगी दहावीनंतर घरी. राज्याची सत्ता, साखर कारखाने, शिक्षणसंस्था बराच काळ मराठा पुढाऱ्यांच्या हाती राहिल्या, हे नाकारता येणार नाही. ती सत्ता माळावरच्या घरापर्यंत पोहोचली नाही, हेही तितकंच खरं. या माणसाचा पहिला जाब वडीगोद्रीला नव्हे, आपल्याच पुढाऱ्यांना असायला हवा, असं माझं मत आहे.

तरीही त्या दोन एकरवाल्याकडे एक गोष्ट आहे, सातबाऱ्यावर नाव. मराठवाड्यातल्या कित्येक दलित कुटुंबांकडे तेवढंही नाही. त्यांनी गायरान कसलं, मार खाल्ला, दंड भरले. 14 एप्रिल 1990 पूर्वीची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय 1991 मध्ये निघाला. पण पिढी सरली तरी अनेकांचं नाव कब्जेदार म्हणून लागलेलं नाही. गायरानाचा प्रश्न निघाला की गाव एक होतं, आणि ते बहुधा कसणाऱ्याच्या विरोधात. दोन्ही मंडपांतल्या लोकांनी या माणसाकडेही पाहायला हवं.

दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठी कोयते बाहेर पडतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्या ट्रॅक्टरमध्ये वंजारी असतात, बंजारा असतात, दलित असतात, मराठाही असतात. फडावर कुणाचीच जात उपयोगी पडत नाही आणि लेकरांची शाळा सगळ्यांचीच सुटते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, हंगामी वसतिगृहं आहेत. ती वेळेवर सुरू व्हावीत म्हणून सगळ्या जातींनी मिळून एक मंडप का घालू नये?

आरक्षणाच्या कायद्यात एक शहाणी गोष्ट आहे. इंद्रा साहनी खटल्याच्या 1992 च्या निकालाने ओबीसींतल्या उन्नत थराला सवलतीबाहेर ठेवायला सांगितलं. 2017 पासून त्याची उत्पन्नमर्यादा वर्षाला 8 लाख रुपये आहे. शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न त्यात धरत नाहीत, त्यामुळे पुष्कळजण सहज निसटतात. पण तत्त्व चोख आहे: जो वर आला त्याने मागच्यासाठी जागा सोडावी. हे कलेक्टरने सांगेपर्यंत थांबायची गरज नाही. ज्यांच्या घरी पाट, पगार आणि पुण्यातला फ्लॅट आहे, त्यांनी आपल्याच जातीतल्या गरिबाच्या आड येऊ नये, मग ती जात कुठलीही असो.

येत्या ग्रामसभेत आपल्या गावची गायरान कसणाऱ्यांची यादी आणि ऊसतोडीला आई-बापांबरोबर कारखान्याला जाणाऱ्या मुलांची यादी, दोन्ही मोठ्याने वाचून घ्या. ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे, त्यानेच ही मागणी पहिल्यांदा करावी.