शौचालयाची फरशी

शौचालयाची फरशी म्हणजे घरातील शौचालयाच्या, किंवा केवळ शौचाचे भांडे आणि वॉश बेसिन मावेल एवढ्या लहान खोलीच्या जमिनीवरील सर्वांत वरचा थर. युरोप-अमेरिकेत पाहुण्यांसाठी ठेवलेल्या अशा लहान खोलीला 'पावडर रूम' म्हणतात. तिथे या खोलीची जमीन सहसा कोरडी राहते. त्यामुळे लाकूड, लॅमिनेट, व्हिनाइल यांसारखी आच्छादनेही चालून जातात. महाराष्ट्रात शौचासाठी पाण्याचा वापर होतो, जेट फवारा किंवा तांब्या-बादली हाताशी असते आणि खोली पाणी ओतून धुण्याची पद्धत आहे. त्यामुळे अंघोळीची सोय नसलेले शौचालयही येथे ओल्या खोलीतच गणले जाते. फरशीची निवड करताना रंग व नक्षी यांच्याआधी पाण्याचा निचरा, पायाची पकड आणि खालच्या स्लॅबचे संरक्षण या तीन बाबींचा विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

मुंबई महानगर प्रदेशातील ठाकुर्ली, डोंबिवली व कल्याण या सलग पट्ट्यात हा प्रश्न विशेष ठळकपणे दिसतो. मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि कल्याण या स्थानकांच्या दरम्यान असलेले ठाकुर्ली हे रेल्वेच्या वीजनिर्मिती केंद्रामुळे प्रथम ओळखले गेले. पुढे उपनगरी वाहतुकीच्या सोयीमुळे येथे चाळी, त्यानंतर तीन-चार मजली इमारती आणि अलीकडे नव्वद फुटी रस्त्यालगत उंच गृहसंकुले उभी राहिली. हा परिसर १९८३ साली स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत येतो.

चाळीत मोरी घरात आणि शौचालये सामाईक, अशी रचना असे. मोरीला शहाबादी फरशी, कडेला लहानसा कठडा आणि कोपऱ्यात पाणी जाण्याची वाट, एवढीच तिची व्याप्ती होती. सदनिकांच्या काळात शौचालय घरात आले आणि त्याबरोबर वरच्या घराचे पाणी खालच्या घराच्या छतात झिरपण्याचा प्रश्नही आला. जमिनीतील निचऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जाळीदार सापळ्याला भारतभरातील नळजोडणीच्या व्यवसायात 'न्हाणी ट्रॅप' म्हणतात. मराठीतील 'न्हाणी' या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे.

खोलीचा आकार आणि ढाळ

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार स्वतंत्र शौचालयाचे किमान क्षेत्रफळ १.१ चौरस मीटर व किमान रुंदी ०.९ मीटर असावी. स्नानगृह आणि शौचालय एकत्र असल्यास हे क्षेत्रफळ २.८ चौरस मीटर आणि रुंदी १.२ मीटर असावी. जुन्या इमारतींतील बरीच स्वतंत्र शौचालये साधारण तीन फूट बाय चार फूट, म्हणजे जेमतेम एक चौरस मीटर असतात.

एवढ्या जागेत फरशीचा आकार सोयीने ठरवावा लागतो. पाणी ट्रॅपकडे वाहावे यासाठी जमिनीला साधारण ८० ते १०० मिलिमीटर अंतरामागे एक मिलिमीटर ढाळ देतात. खोलीची लांबी १.२ मीटर असेल तर दोन टोकांच्या पातळीत १२ ते १५ मिलिमीटरचा फरक पडतो. ६०० मिलिमीटरची मोठी फरशी सपाट व अखंड असल्याने दोन दिशांनी येणारा ढाळ तिला घेता येत नाही. ती तिरकी कापावी लागते किंवा कोपऱ्यात पाणी साचते. ३०० मिलिमीटरच्या फरशीत हा ढाळ सहज बसतो. ०.९ बाय १.२ मीटरच्या खोलीत अशा बारा फरशा लागतात; भांड्याभोवतीचे काप व मोडतोड धरून चौदा घेणे पुरेसे ठरते. पुढे एखादी फरशी तडकल्यास त्याच छटेची मिळेलच असे नसते, म्हणून उरलेल्या फरशा जपून ठेवण्याची प्रथा उपयुक्त आहे.

शौचालयाची पातळी बाहेरच्या खोलीपेक्षा साधारण १२ ते २५ मिलिमीटर खाली ठेवतात आणि दाराशी दगडी उंबरा बसवतात. धुण्याचे पाणी घरात येऊ नये, हा त्याचा हेतू असतो.

साहित्याचे प्रकार

*शहाबादी, कोटा व कडप्पा* : कर्नाटकातील शहाबाद, राजस्थानातील कोटा आणि आंध्र प्रदेशातील कडप्पा या भागांतून येणारे हे दगड चुनखडीच्या वर्गातील आहेत. पॉलिश न केलेल्या दगडाची पकड चांगली असते व तो दीर्घकाळ टिकतो. शौचालय ॲसिडने धुण्याची सवय मात्र त्याला घातक ठरते. बाजारातील सफाईच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. चुनखडीतील कॅल्शियम कार्बोनेटशी त्याची प्रक्रिया होऊन फेस येतो आणि दगडाचा पृष्ठभाग झिजतो. संगमरवराचेही तसेच होते.

*मोझेक व सिमेंटच्या लाद्या* : १९२२ साली मुंबईत स्थापन झालेल्या 'भारत फ्लोरिंग टाइल्स' या स्वदेशी कंपनीने सिमेंटच्या लाद्या लोकप्रिय केल्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील अनेक सदनिकांत संगमरवराच्या खड्यांची मोझेक लादी आढळते. ती मजबूत असली तरी पाणी शोषते आणि तिच्यावरही आम्लाचा परिणाम होतो.

*सिरॅमिक* : मातीपासून दाबून व भाजून तयार होणाऱ्या, वरून झिलई दिलेल्या या फरशा आहेत. एच. अँड आर. जॉन्सन (इंडिया) या १९५८ साली स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना ठाण्यात होता. आज या उद्योगाचे देशातील सर्वांत मोठे केंद्र गुजरातमधील मोरबी हे आहे. भिंतीसाठीच्या सिरॅमिक फरशा वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकतात आणि त्या तुलनेने ठिसूळ असतात. त्या केवळ रंग जुळतो म्हणून जमिनीवर बसवणे योग्य नसते.

*व्हिट्रिफाइड* : अधिक तापमानाला भाजल्यामुळे काचेसारख्या घट्ट झालेल्या या फरशांचे पाणी शोषण्याचे प्रमाण ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नसते. शौचालयासाठी यांतील मॅट पृष्ठभागाचा प्रकार बहुधा सर्वांत सोयीचा ठरतो. ही फरशी पाणी शोषत नसल्यामुळे साध्या सिमेंटची पकड तिच्यावर नीट बसत नाही आणि काही काळाने ती पोकळ वाजू लागते. म्हणून तिच्यासाठी टाइल ॲडहेसिव्ह वापरतात. दिवाणखान्यात शोभणारी चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी ओल्या खोलीत मात्र धोकादायक असते.

*लॅमिनेट व व्हिनाइल* : लॅमिनेटचा गाभा लाकडाच्या लगद्याचा असल्याने पाण्याने तो फुगतो. व्हिनाइल स्वतः भिजत नाही. पण सांध्यांतून खाली गेलेले पाणी वर येऊ शकत नाही आणि कुजट वास धरतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत व नित्य धुतल्या जाणाऱ्या शौचालयात दोन्ही प्रकार टाळले जातात.

पायाची पकड

ओल्या फरशीवर पाय आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो. साबण मिसळल्यास तो अधिक निसरडा होतो. खरबरीत पृष्ठभाग हा थर तोडतो. फरशीची पकड मोजण्यासाठी जर्मन मानकांतील दोन श्रेणी जगभर वापरल्या जातात. पादत्राणांसह घेतल्या जाणाऱ्या उतारावरील चाचणीत आर-९ ते आर-१३ असे गट आहेत. अनवाणी पायांसाठीच्या चाचणीत ए, बी व सी असे वर्ग असून त्यांसाठी ओला उतार अनुक्रमे किमान १२, १८ व २४ अंशांपर्यंत घसरल्याविना सहन व्हावा लागतो. घरात अनवाणी वावरण्याची रीत लक्षात घेता दुसरी चाचणी मराठी घरांना अधिक लागू पडते. व्यवहारात आर-१० किंवा आर-११ आणि शक्य तर बी वर्गाची फरशी घरगुती शौचालयास पुरेशी असते.

पकड जितकी अधिक तितके चांगले, असेही नाही. फार खरबरीत फरशीत मळ रुतून बसतो, तो काढण्यासाठी तीव्र रसायने वापरली जातात आणि अखेर त्यावर शेवाळी थर धरून तीही निसरडी होते. वृद्धांच्या बाबतीत रात्रीच्या वेळी शौचालयात घसरून खुब्याचे हाड मोडणे हा गंभीर अपघात असतो. अनेकांचे स्वावलंबन त्यानंतर संपते. म्हणून फरशीबरोबरच भिंतीवरील आधाराचा दांडा, पुरेसा उजेड आणि भांड्याच्या पांढऱ्या रंगाहून वेगळी उठून दिसणारी जमीन यांचाही विचार केला जातो. अतिगडद फरशीवर कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे पांढरे डाग दिसतात, तर अतिफिक्या फरशीवर लोहाचे तांबूस डाग. मध्यम राखाडी वा मातकट छटा दोन्ही झाकते.

नूतनीकरण आणि वजन

जुनी फरशी काढून नवी बसवणे, किंवा जुनीवरच नवी चिकटवणे, असे दोन मार्ग असतात. दुसरा मार्ग स्वस्त व जलद असल्याने घरात एकच शौचालय असलेली कुटुंबे तो पसंत करतात. जुनी फरशी घट्ट असेल, कुठेही पोकळ आवाज येत नसेल आणि खालच्या घरात ओल नसेल, तरच तो योग्य ठरतो. गळती असताना वरून नवी फरशी लावल्यास दोष झाकला जातो, दूर होत नाही. शिवाय पातळी साधारण १५ मिलिमीटर वाढल्याने उंबऱ्याचा फरक नाहीसा होऊन पाणी बाहेर येऊ शकते, आणि दारही खाली घासते.

जुन्या इमारतींत वजनाचा हिशेब महत्त्वाचा असतो. ॲडहेसिव्हने लावलेल्या नव्या फरशीचा भार प्रति चौरस मीटर सुमारे ३० किलो होतो. त्याऐवजी ४० मिलिमीटर जाडीच्या सिमेंट-वाळूच्या थरावर ती बसवल्यास हा भार १०० किलोच्या आसपास जातो. भारतीय बैठकीच्या भांड्यासाठी अनेक इमारतींत स्लॅब एक फूट खोल ठेवून तो विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. या भरावाचेच वजन प्रति चौरस मीटर ५०० किलोहून अधिक भरते. तुलनेसाठी, निवासी शौचालयात माणसे व वस्तू यांच्यासाठी भारतीय मानकाने धरलेला भार सुमारे २०० किलो आहे. म्हणून कमोड बसवताना जुना भराव काढला, तर त्या जागी हलके साहित्य वापरण्याचा सल्ला अभियंते देतात. हातोड्याने फोडताना स्लॅबच्या सळया उघड्या पडणार नाहीत, याचीही काळजी घ्यावी लागते.

जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीत एक जुनी इमारत कोसळून नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर या परिसरातील धोकादायक इमारतींचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. एका शौचालयाच्या दुरुस्तीने इमारत पडत नाही. परंतु वर्षानुवर्षे झिरपणारे पाणी सळयांना गंज चढवते, गंजलेली सळई फुगते आणि तिच्यावरचे काँक्रीट सुटू लागते. गळती वेळीच थांबवणे म्हणूनच संपूर्ण इमारतीच्या हिताचे असते.

जलरोधन आणि सांधे

फरशी स्वतः जलरोधक असली तरी तिचे सांधे पूर्णपणे तसे नसतात. पाणी अडवण्याचे खरे काम फरशीखालच्या जलरोधक थराचे असते. हा थर भिंतीवर किमान एक फूट चढवतात आणि पाईप व ट्रॅप यांच्याभोवती विशेष काळजीने लावतात, कारण गळती बहुधा तिथूनच सुरू होते. थर सुकल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी साठवतात आणि किमान २४ तासांनी खालच्या घराचे छत तपासतात. ही चाचणी झाल्याखेरीज फरशी बसवू नये, असा संकेत आहे.

फरशांमध्ये दोन ते तीन मिलिमीटरची दर्ज ठेवतात. ती भरण्यासाठी पूर्वी पांढरे सिमेंट वापरत. ते पाणी शोषते, काळे पडते आणि ॲसिडने विरघळत जाते. इपॉक्सी ग्राउट महाग असले तरी लहान शौचालयात ते थोडेच लागते. रोजच्या सफाईसाठी सौम्य द्रव साबण व ब्रश पुरेसा असतो.

गृहनिर्माण संस्था आणि जबाबदारी

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींनुसार सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी संस्थेच्या समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. गच्चीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते. शौचालय, मोरी इत्यादींतून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदस्याकडे येतो. इमारत १५ ते ३० वर्षांची असल्यास पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनी असल्यास तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करण्याची तरतूदही या उपविधींत आहे. तिचा अहवाल पाहून काम आखल्यास घराचे नूतनीकरण आणि खालच्या शेजाऱ्याचे छत या दोहोंचे रक्षण होते.

हेही पहा

- ठाकुर्ली
- शहाबादी फरशी
- मोरबी
- चाळ
- सहकारी गृहनिर्माण संस्था