शेवरीची जट
(तृतीय वर्ष, कला)

मांजर स्वतःचे अंग स्वच्छ ठेवते, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो की, एखाद्या मांजराला ते जमत नसेल असा विचारही आपल्या मनाला शिवत नाही. आमच्या परड्यातली गावठी मांजरे उकिरड्यावरून येतात, पायरीवर बसून अंग चाटतात आणि अर्ध्या घटकेत जणू देवळात निघाल्यासारखी लखलखीत होतात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आत्याने आपली पर्शियन मांजरी पुण्याहून आमच्याकडे कोल्हापूरला आणून ठेवली, तेव्हा तिचे केस विंचरणे हेही घरातले एक काम होऊन बसणार आहे, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. आत्या मुलाकडे परदेशी निघाली होती. टोपली, ताटली आणि उशी यांच्याबरोबर तिने एक लोखंडी कंगवा माझ्या हाती दिला व म्हणाली, "हिला कंगवा मुळीच आवडत नाही गं. पण तू सोडू नकोस."

मांजरीचे नाव शेवरी. शेवरीच्या बोंडातून नुकत्या निघालेल्या कापसासारखी पांढरी, मऊ आणि वयाने दहा वर्षांची. पहिल्याच दिवशी मी कंगवा तिच्या पाठीवरून फिरवला. दुसऱ्या फटक्याला तिने माझा हात चावला. मग कंगवा खुंटीला लागला. आषाढ गेला, श्रावण आला. एके दिवशी तिला उचलून घेताना माझ्या बोटांना तिच्या काखेत सुपारीएवढी घट्ट गाठ लागली. गळू असेल या भीतीने केस बाजूला करून पाहू लागले, तर केस बाजूला होईनात. ती गाठच केसांची होती. कानामागे तशीच एक, मांड्यांच्या आतल्या बाजूला दोन, आणि पोटावर तर कुणी जाजमाचा तुकडा शिवून ठेवावा तसा अखंड थर.

यानंतर मी दोन चुका केल्या. लेखाच्या निमित्ताने त्या कबूल करते, कारण लांब केसांचे मांजर पाळणारा जवळजवळ प्रत्येक जण या दोन्ही चुका याच क्रमाने करतो. पहिली, मी तिला कोमट पाण्याने आंघोळ घातली. मळाने गाठी झाल्या असतील तर मळ गेला की सुटतील, हा माझा तर्क. वाळल्यावर गाठी पूर्वीपेक्षा टणक झाल्या. दुसरी चूक कात्रीची. काखेतली गाठ मी चिमटीत धरून वर ओढली आणि तिच्याखाली कात्री चालवली. गाठ निघाली, पण तिच्याबरोबर कातड्याचा तुकडाही निघाला. जनावरांच्या दवाखान्यात शेवरीला चार टाके पडले. त्यानंतर कितीतरी दिवस मी खोलीत आले की ती कपाटाखाली जात असे.

हे असे का झाले, ते समजून घ्यायचे तर आधी केस समजून घ्यायला हवा.

मांजराच्या अंगावर ढोबळ मानाने दोन थर असतात. वरचे केस लांब व राठ. ते धूळ आणि पाणी अडवतात. त्यांच्याखाली मऊ लव; ती ऊब राखते. गावठी मांजराची लव आखूड असते. पर्शियन मांजराची लव मात्र वरच्या केसांच्या जवळपास लांबीची आणि अतिशय दाट. मांजराचे केस सतत गळत असतात. आखूड केसांच्या मांजराचा गळालेला केस सतरंजीवर पडतो. पर्शियन मांजराचा गळालेला केस खाली पडतच नाही, शेजारच्या जिवंत केसांत अडकून राहतो. जिथे अंग अंगावर घासते, म्हणजे काखेत, मांड्यांत, कानामागे, गळपट्ट्याखाली, तिथे या मेलेल्या केसांचा पीळ बसू लागतो. त्यात त्वचेचे तेल, लाळ आणि दमट हवा मिसळली की झाली जट तयार.

ही क्रिया आपल्याकडे नवी नाही. केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यावर कौलांसारखे एकावर एक खवले दिसतात. केस ओले करून दाबले व घासले की हे खवले एकमेकांत अडकतात आणि मग सहजी सुटत नाहीत. आमच्या कोल्हापूरकडे लोकरीची जेन करतात, ती याच गुणावर. घोंगडी मागावर विणतात. जेन विणत नाहीत. पिंजलेली लोकर पसरायची, पाणी शिंपडायचे, गुंडाळायची आणि दाबून दाबून एकजीव करायची. मी शेवरीला आंघोळ घालून टॉवेलने खसाखसा पुसले, तेव्हा तिच्या पोटावर मी नकळत जेनच करत होते! म्हणून पहिला नियम असा की, गुंता सुटल्याशिवाय पाणी लावू नये.

माणसाच्या केसांचेही शास्त्र वेगळे नाही. केस विंचरले नाहीत की त्यांत जट होते. आपल्या समाजात ती देवीची खूण मानून कित्येक बायकांनी आयुष्यभर मानेवर वागवली. जट हा कोप नव्हे की कौल नव्हे. तिला कारण असते. मांजरीच्या बाबतीतही "ही आळशीच आहे" असे म्हणून मोकळे होण्याआधी कारण शोधायला हवे.

मग प्रश्न येतो तो जिभेचा. मांजर जागेपणीच्या वेळेतला जवळजवळ चौथा हिस्सा अंग चाटण्यात घालवते. तिची जीभ म्हणजे निसर्गाने दिलेली फणीच. जिभेवर घशाकडे वळलेले बारीक, टणक काटे असतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतल्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले की, या काट्यांची टोके पन्हळीसारखी पोकळ असतात. त्या पोकळीत लाळ भरते आणि केसांच्या दाटीत खोलवर पोचते. पाळीव मांजरापासून वाघ-सिंहापर्यंत सर्वांच्या जिभेची रचना अशीच आढळली. परंतु याच अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष माझ्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. चाटताना केस जिभेखाली दबतात, तरीही पर्शियन मांजराच्या केसांचा थर इतका जाड उरतो की जिभेचे काटे त्वचेपर्यंत पोचत नाहीत. म्हणजे शेवरी दिवसभर चाटत राहिली असती, तरी तळाची लव तिच्या आवाक्याबाहेरच होती.

हा थर आला कुठून? मांजराचे केस ठरावीक लांबीला थांबावेत असा निरोप देणारे एक जनुक असते. त्यात बदल झाला की निरोप पोचत नाही आणि केस वाढत राहतात. आईबाप दोघांकडूनही हा बदल आला, तरच पिल्लू लांब केसांचे होते. हा बदल निसर्गात आपोआप झाला खरा. पण त्याला दाटी आणली ती माणसाच्या हौसेने. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले, त्यात पर्शियन मांजरेही होती. तेव्हापासून अधिकाधिक लांब आणि दाट केसांची मांजरे निवडून त्यांची वीण वाढवण्यात आली. थोडक्यात, जे काम निसर्गाने जिभेवर सोपवले होते, ते माणसाने जिभेच्या आवाक्याबाहेर नेऊन ठेवले. तेव्हा ते काम आता माणसाच्याच अंगावर आले, यात अन्याय कसला?

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी शेवरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारले, "ताई, कमरेच्या मागच्या भागात गाठी कधीपासून आहेत?" मी म्हटले, "अलीकडेच झाल्यात. आता वय झालं, चाटायचा कंटाळा करते." ते म्हणाले, "मांजर कंटाळा करत नसतं. चाटायचं सोडलं म्हणजे कुठंतरी दुखतंय." त्यांनी क्ष-किरण चित्र काढायला लावले. कमरेच्या आणि मागच्या पायांच्या सांध्यांची झीज झाली होती. पाठीमागे वळून चाटणे तिला सोसवत नव्हते. पुढे वाचनात आले की, अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारा वर्षांवरील शंभर मांजरांच्या क्ष-किरण चित्रांपैकी नव्वद चित्रांत सांध्यांची अशी झीज आढळली होती. दात दुखणे, लठ्ठपणा किंवा मूत्रपिंडाचा विकार हीदेखील अशी कारणे असू शकतात. म्हणून प्रौढ मांजराच्या अंगावर एकाएकी गाठी दिसू लागल्या, तर कंगवा शोधण्याआधी डॉक्टर गाठावा.

शेवरीच्या कंगव्याच्या तिटकाऱ्याचे कोडेही मग उलगडले. जट त्वचेलगत बसली की मांजर हलेल तसे कातडे ओढले जाते. कुणी आपल्या डोक्यावरचे केस दिवसरात्र मुठीत धरून ठेवावेत, तसे ते दुखणे. त्यावर कंगवा ओढला की कळ मस्तकात जाणारच. शिवाय जटेखाली हवा पोचत नाही. त्वचा ओलसर राहते, लाल होते, चिघळते. पावसाळ्यात तिथे पिसवा, बुरशी आणि क्वचित अळ्याही होतात. तिला राग कंगव्याचा नव्हता, दुखण्याचा होता.

पोटावरच्या थराला डॉक्टरांनी कंगवा लावलाच नाही. रक्त तपासून, बेताची भूल देऊन विजेच्या यंत्राने तो सबंध काढला. निघाला तो एकसंध, वहीच्या पानाएवढा. त्याखालची त्वचा चतकोर भाजल्यासारखी लाल होती. शेवरी अर्धी बोडकी होऊन घरी आली. शेजारीपाजारी हसले, पण त्या रात्री ती कित्येक महिन्यांनी पाय पसरून झोपली. मांजर दिसायला बरे राहावे म्हणून जट तासन् तास ओढत बसण्यापेक्षा केस काढलेले बरे, केस पुन्हा येतात. मात्र भुलीचे औषध डॉक्टरांनीच द्यावे. घरातली माणसांची औषधे मांजराला कधीही देऊ नयेत. साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

उरलेल्या बारीक गाठींसाठी माझी गुरू झाली ती आजी. लहानपणी माझे केस विंचरताना ती जी रीत वापरी, तीच तिने सांगितली : "मूळ चिमटीत धर आणि टोकापासून वर ये." मूळ चिमटीत धरले की ओढ बोटांना बसते, कातड्याला बसत नाही. गाठीवर चिमूटभर मक्याचे पीठ, म्हणजे बाजारात मिळते ते पांढरे कॉर्नफ्लोअर, चोळले की केस सरकू लागतात. गाठ आधी बोटांनीच लांबीच्या दिशेने फोडून तिचे दोन-तीन भाग करावेत. मग विरळ दातांचा कंगवा टोकाकडून थोडा थोडा आत न्यावा. बारीक दातांची फणी अगदी शेवटी. जी गाठ त्वचेला चिकटली आहे, तिच्या वाटेला घरी जाऊ नये. आणि कात्री तर लावूच नये, कारण मांजराचे कातडे पातळ व सैल असते. गाठ उचलली की ते तंबूसारखे तिच्याबरोबर वर येते. मी कापला तो त्या तंबूचा कळस.

परंतु हे सारे जमायला मांजर समोर बसायला हवे! मोडलेला विश्वास सांधायला मला तीन महिने लागले. पहिला आठवडा कंगवा नुसता तिच्या ताटलीशेजारी ठेवला. दुसऱ्या आठवड्यात कंगव्याची पाठ तिच्या गालावरून फिरवली. गाल आणि हनुवटी खाजवलेली मांजराला आवडते. एकदा फिरवायची आणि लगेच उकडलेल्या कोंबडीचा बिनमिठाचा तुकडा द्यायचा. मग मानेवर दोन फटके, मग पाठीवर. वेळ नेहमी जेवणानंतरची, ती पेंगुळलेली असताना. एका वेळी अर्धा मिनिट, फार तर एक. आठवड्यातून एकदा तासभर झुंजण्यापेक्षा रोजचा एक मिनिट कितीतरी अधिक काम करतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थांबणे. मांजर चावण्यापूर्वी सांगत असते, आपण ऐकत नाही. शेपटीचे टोक आपटू लागते, पाठीचे कातडे थरथरते, कान आडवे होतात, बुबुळे मोठी होतात. यातली पहिली खूण दिसताच मी कंगवा खाली ठेवू लागले. आपण सांगितले की ही थांबते, एवढे शेवरीला पटल्यावर तिने मला पाठीवरचा एक मिनिट हळूहळू दीड मिनिट करू दिला.

आज शेवरीचे केस पूर्ववत वाढले आहेत. सांध्यांचे औषध चालू आहे. कमरेखालचे आणि पोटावरचे केस आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी दवाखान्यातून आखूड करून आणतो, कारण तिथे तिची जीभ पोचत नाही आणि माझा कंगवा ती पोचू देत नाही. तिला कंगवा आवडू लागला, असे मात्र मी म्हणणार नाही.

परवा आत्याचा फोन आला होता. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "अजून चावते का गं?"

मी म्हटले, "चावते की. पण आधी सांगते, आणि आता मला ऐकू येतं."