स्टिकरचा गम घालवा, कॅबिनेटचा रंग नको!



जुने कॉम्प्युटर घेऊन, नीट करून विकायचा धंदा सुरू करताना आपण रॅम, एसएसडी, विंडोज सगळ्याचा विचार करतो. पण गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी रॅम बघत नाही. ते कॅबिनेट बघतं, त्यावरून हात फिरवतं. बोटाला चिकट लागलं की घासाघीस तिथूनच सुरू होते. आतलं मशीन कितीही चांगलं असो, भाव तुटतो.

ऑफिसमधून निघालेल्या मालावर चिकट असतंच. कंपनीच्या असेट नंबरचं लेबल, एएमसीवाल्याचा फोन नंबर, दसऱ्याच्या पूजेला झेंडू लावायला चिकटवलेली सेलोटेप. हे काढायचं कसं, ते व्हिडिओत करून दाखवलंय. इथे त्यामागचं कारण आणि हिशोब समजून घेऊ.

गम इतका हट्टी का असतो?

स्टिकरचा गम फेव्हिकॉलसारखा वाळून कडक होत नाही. तो कायम मऊ राहावा, दाबला की चिकटावा, असाच बनवलेला असतो. म्हणून नुसतं घासलं की तो निघत नाही, पसरतो आणि वर धूळ धरून काळा होतो. त्याला तीन गोष्टी ढिला करतात: उष्णता, तेल आणि स्पिरिट. या तिन्हींना थोडा वेळ द्यावा लागतो. काम वेळ करतो, जोर नाही, हे वाक्य दुकानात लिहून ठेवा.

आधी पृष्ठभाग ओळखा

एकाच कॅबिनेटवर दोन-तीन प्रकारचे भाग असतात. बाजूचा पत्रा रंग दिलेला लोखंडी असतो. पुढचा भाग बहुतेक वेळा एबीएस प्लास्टिकचा असतो. गेमिंग कॅबिनेटची खिडकी काचेची किंवा ॲक्रिलिकची असते. नखाने हलकेच वाजवून बघा, काच आणि ॲक्रिलिकचा आवाज वेगळा येतो.

इथेच नवीन लोकांचं नुकसान होतं. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बऱ्याचदा ॲसिटोन असतं. ते गम काढतं, पण एबीएस आणि ॲक्रिलिकही विरघळवतं. रंगाच्या दुकानातला थिनर पत्र्यावरचा रंग उचलतो. ॲक्रिलिकवर तर स्पिरिटनेही बारीक तडे जाऊ शकतात. गम उद्याही काढता येईल, पण पांढुरका पडलेला पुढचा भाग परत आणता येत नाही. ब्रँडेड मशीनचा तेवढाच भाग बाजारात सुटा मिळेलच असं नाही.

सौम्यापासून सुरुवात करा

१. वायर काढा. जमत असेल तर बाजूचा पत्रा आणि पुढचं कव्हर सुटं करून टेबलावर घ्या. द्रव थेट कॅबिनेटवर ओतू नका, कपड्यावर घ्या.

२. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, वीतभर लांब धरून अर्धा मिनिट फिरवा. स्टिकरचा कोपरा उचला आणि सपाट धरून हळूहळू ओढा. फोमची डबल टेप असेल तर तिच्याखालून नायलॉनचा दोरा करवतीसारखा पुढे-मागे ओढा.

३. उरलेल्या गमवर खोबरेल तेल लावा, वर टिश्यू पेपर चिकटवा आणि २० मिनिटं हात लावू नका. नंतर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ढकला. स्क्रू-ड्रायव्हर, ब्लेड किंवा तारेची घासणी नको.

४. पत्र्यावर तरीही राहिलं तर निलगिरीचं तेल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घ्या. आधी तळाच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी लावून दोन मिनिटं थांबा. कापसाला रंग लागला किंवा जागा चिकट, निस्तेज झाली तर तिथेच थांबा. प्लास्टिकवर वापरायचं असेल तर ही चाचणी चुकवूच नका.

५. शेवटी भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात कपडा पिळून पुसा, मग कोरड्या कपड्याने. ही पायरी गाळली तर तेलावर दोन दिवसांत धूळ बसते आणि मेहनत वाया जाते.

स्पिरिट पेट घेतं. खिडकी उघडी ठेवा आणि गल्ल्याजवळची उदबत्ती, दिवा विझल्याशिवाय बाटली उघडू नका. काम करणाऱ्या मुलाला हातमोजे द्या.

हिशोब बघा

समजा मजुरी तासाला ९० रुपये आणि मशीन १०. तेल न लावता जोराने घासत बसलात आणि एका मशीनला २० मिनिटं गेली, तर २०० मिनिटं, म्हणजे ३०० रुपये. वर ओरखडे पडतात ते वेगळेच.

आता दहाही मशीनना ओळीने तेल लावा, प्रत्येकी २ मिनिटं. दहावं होईपर्यंत २० मिनिटं झालेली असतात आणि पहिलं तयार असतं. मग प्रत्येकी ६ मिनिटं पुसायला. एकूण ८० मिनिटं, १२० रुपये. थांबण्याचा वेळ फुकट मिळाला, कारण त्या वेळात हात दुसरीकडे चालू होते. धंद्यात याच सवयीतून नफा निघतो.

काय काढायचं नाही

सगळे स्टिकर काढायचे नसतात. सिरीयल नंबर आणि डेलचा सर्व्हिस टॅग तसाच ठेवा. त्यावरूनच गिऱ्हाईक मशीनचं मॉडेल आणि वॉरंटी तपासतं. विंडोज ७ च्या काळातल्या मशीनवर २५ अक्षरांच्या कीचं लेबल असतं, तेही राहू द्या. जुन्या कंपनीच्या नावाचं लेबल जरूर काढा, पण आधी त्याचा फोटो घ्या आणि खरेदीच्या बिलावर सिरीयल नंबर आहे ना ते बघा. उद्या कोणी विचारलं की माल कुठून आणला, तर उत्तर कागदावर असलं पाहिजे. काही असेट लेबलं ओढली की खाली 'व्हॉइड' अशी अक्षरं उरतात. तीही गमचीच असतात, याच पद्धतीने जातात.

आणि गिऱ्हाईकाला माल सेकंडहँड आहे हे स्पष्ट सांगा. कॅबिनेट चकचकीत करायचं ते जुनेपण लपवायला नाही. जुना मालही आपण नीट सांभाळून देतो, हे त्याच्या हाताला कळावं म्हणून.

आज एकच करा. दुकानातलं सगळ्यात खराब कॅबिनेट घ्या, तेल लावा, घड्याळ लावा. किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. तुमचा खरा खर्च तिथून कळायला लागेल.