शहराच्या कुशींतलें अरण्य

नागपूरच्या सदर भागांत राहणाऱ्या माझ्यासारख्यांना अरण्य म्हटलें कीं ताडोबा आणि पेंच हीं नांवें प्रथम आठवतात. पहांटे गाडींत बसावें, सागाच्या रानांतून हिंडावें, वाघ दिसला तर प्रवास सार्थकीं लागला असें मानावें आणि न दिसला तर हळहळत परतावें, ही आपली रीत. आज ज्या अरण्याविषयीं मी बोलणार आहें, तेथें मोकळा वाघ नाहीं, आणि गाडींत बसून तें अरण्य कळतहि नाहीं. तें पायींच पाहावयाचें आहे. मुंबईजवळचें, बोरिवलीचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तें हेंच. त्याचा विस्तार सुमारें १०४ चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेस थोड्याच अंतरावर अरबी समुद्र, पूर्वेस ठाण्याची खाडी, उत्तरेस वसईची खाडी, आणि चोहोंकडून महानगराची वस्ती. मध्यें ही डोंगरांची रांग उभी आहे.

एवढ्या गजबजलेल्या ठिकाणीं इतकें रान शिल्लक राहिलें कसें, असा प्रश्न सहज मनांत येतो. त्याचें उत्तर मुख्यतः पाण्यांत आहे. विहार तलावाचें पाणी १८६० सालीं मुंबई शहरांत खेळूं लागलें. तुळशी तलाव १८७९ सालीं पुरा झाला. तलावाचें पाणी निर्मळ राहावयाचें तर भोंवतालच्या डोंगरांवर वस्ती होतां कामा नये. झाडांच्या मुळ्या माती धरून ठेवतात, माती पाऊस धरून ठेवते, आणि तो सावकाश झिरपत तलावांत उतरतो. आपल्याला हें नवें नाहीं. सदरहून काटोल रोडनें थोडें पुढें गेलें कीं गोरेवाड्याचा तलाव आहे; तोहि शहराला पाणी मिळावें म्हणूनच बांधलेला, आणि त्याच्याहि कांठीं रान राहिलें आहे.

मात्र दोन्ही रानांचा स्वभाव निराळा आहे. नागपुरास वर्षाकाठीं सुमारें ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईकडे त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि तोहि बहुतेक चार महिन्यांत. म्हणून तेथील डोंगरमाथ्यावर आपल्या ओळखीचे पळस, साग, ऐन आणि सांवर भेटतात. पण ओढ्याच्या घळींत उतरलें कीं वर्षभर हिरवीं राहणारीं झाडें आणि जाड वेली भेटतात. उतारांवर कारवी माजलेली असते. ही कारवी आठ वर्षें नुसती वाढते आणि मग एकदम फुलते. या अरण्यांत ती २०१६ सालीं आणि पुन्हां २०२४ सालीं फुलली. तेव्हां आतां २०३२ सालाची वाट पाहिली पाहिजे. फुलून बीं धरलें कीं झाड मरतें. त्याच्या वाळल्या काटक्यांनीं वारली लोक आपल्या घरांचे कूड विणतात. आणि अरण्याचें उत्तर टोंक वसईच्या खाडीला जेथें भिडतें, तेथें तर चिखलांतून तिवराच्या मुळ्या बोटांसारख्या वर आलेल्या दिसतात. खाऱ्या चिखलांत हवा नसते, म्हणून ही मुळी वर येऊन श्वास घेते.

पायीं जाणारानें पहिल्या दिवशीं कान्हेरीची वाट धरावी. दरवाजापासून हें अंतर सुमारें सहा किलोमीटर आहे. तेथें शंभराहून अधिक लेणीं आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास हें काम सुरू झालें आणि पुढें सुमारें हजार वर्षें तेथें भिक्षूंची वस्ती होती. कल्याण आणि सोपारा या बंदरांतील व्यापाऱ्यांनीं दिलेल्या दानांचे लेख भिंतींवर आहेत. पण मला सर्वांत नवल वाटलें तें पाण्याच्या टांक्यांचें. बहुतेक लेण्यापाशीं खडकांत एक टांकें, आणि कातळावरचें पावसाचें पाणी त्यांत आणणाऱ्या चिंचोळ्या पन्हळी! पाणी राखण्याची ही विद्या विहार तलावाच्या कितीतरी शतकें आधींची आहे.

दुसऱ्या दिवशीं परवानगी काढून, वाटाड्या बरोबर घेऊन, शिलोंड्याच्या आंतल्या वाटेनें जावें. मी गेलों तेव्हां वाटेंत एका वानराचा खोकल्यासारखा आवाज आला. त्यामागोमाग चितळ ओरडलें. वाटाड्यानें हात वर केला आणि आम्ही जागच्या जागीं थांबलों. पाव तास गेला. कांहींच दिसलें नाहीं. पुढें ओढ्याच्या ओल्या मातींत मात्र बिबट्याचें ताजें पाऊल होतें. माझी यात्रा तेवढ्यानें पुरी झाली.

बिबट्याचें नांव निघालें म्हणजे भीतीहि निघते, आणि ती अगदींच निराधार नाहीं. २००२ ते २००४ या काळांत या परिसरांत त्यानें अनेक माणसांचे बळी घेतले. पुढें २०१५ सालीं, अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक जनावर ओळखून केलेल्या गणनेंत, उद्यान आणि आसपासच्या भागांत ३५ बिबटे आढळले. भोंवतीं लाखों माणसें राहात असतां एवढे बिबटे जगतात, आणि बहुतेकांच्या दृष्टीसहि पडत नाहींत. पूर्वीं दिसला बिबट्या कीं पकडून दूर सोडावा अशी पद्धत होती. जुन्नर भागांतल्या बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय यांना असें आढळलें कीं, असे बिबटे जेथें सोडले, तेथें हल्ले उलट वाढले. आपली हद्द सुटलेलें जनावर परक्या मुलखांत बावरतें. खरा उपाय साधा आहे. उकिरडा सांचला कीं कुत्रीं जमतात, आणि कुत्र्यांमागें बिबट्या येतो; तेव्हां उकिरडा सांचूं देऊं नये. अंधार पडल्यावर मुलांना एकटें सोडूं नये, आणि बिबट्या दिसलाच तर त्याची वाट अडवूं नये.

प्रवासाला कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यांत ओढे अकस्मात् फुगतात, त्यांत उतरूं नये. सोमवारीं उद्यान बंद असतें. पाणी बरोबर न्यावें, खाद्य वानरांना देऊं नये, आणि नेलेला कागदाचा कपटाहि परत आणावा.

आणि बोरिवलीला जाणें होईल तेव्हां होवो. परंतु गोरेवाड्याच्या रानांतहि बिबट्या आहे, आणि त्याच्या कडेला आपलीच वस्ती वाढत आहे. उकिरड्याचा जो धडा मुंबईकर माणसें गमावून शिकले, तो आपण तशी किंमत न देतां शिकलों, तर या प्रवासाचें सार्थक झालें असें मी समजेन.