पिकअपच्या एसीची हवा कमी झाली? गॅस भरण्याआधी हा एक प्रश्न विचारा!



एप्रिल-मे महिन्यात नारायणगावहून टोमॅटो भरून वाशी मार्केटला निघालेल्या पिकअपवाल्याला विचारा, "एसी कसा चाललाय?" "चालू आहे हो, पण हवाच येत नाही," असं उत्तर बऱ्याचदा मिळतं. मग तो जवळच्या दुकानात जातो, तिथे "गॅस कमी झालाय" म्हणत गॅस भरला जातो. पैसे गेले, हवा मात्र तेवढीच! पुढच्या वेळी हा माणूस त्या दुकानाकडे फिरकत नाही, आणि चार मित्रांनाही सांगतो ते वेगळंच.

गाड्यांच्या कामात स्वतःचा छोटा व्यवसाय उभा करायचा असेल, तर तुमची संधी इथेच आहे.

पहिला प्रश्न

पाना हातात घेण्याआधी ग्राहकाला विचारा: "हवा कमी येते, की हवा भरपूर येते पण गार लागत नाही?"

या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. हवा गार करणं हे गॅस, कॉम्प्रेसर आणि कंडेन्सरचं काम. हवा ढकलणं हे ब्लोअरचं काम. ब्लोअरची हवा फिल्टरमधून आणि डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमधून जाते, मग जाळीतून बाहेर येते. ही वाट तुंबली असेल, तर कितीही गॅस भरा, थ्रो वाढणार नाही.

दहा मिनिटांची तपासणी

१. ब्लोअर एक-एक नंबरवर फिरवून बघा. हवा फक्त शेवटच्या, सगळ्यात जोराच्या नंबरवर येत असेल तर संशय ब्लोअरच्या रेझिस्टरवर. कारण त्या नंबरला करंट रेझिस्टरमधून न जाता थेट मोटरला मिळतो. कुठल्याच नंबरवर हवा नसेल तर फ्यूज, रिले, कपलर आणि मग मोटर, या क्रमाने बघा.

२. आवाज ऐका. ब्लोअरचा आवाज मोठा पण हवा कमी, याचा अर्थ वाट अडलेली आहे. केबिन फिल्टर काढून उजेडात धरा. धुळीने भरला असेल तर बदला. नवा बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेनेच हवा. काही पिकअपना हा फिल्टर नसतोच. मग सगळी धूळ थेट कूलिंग कॉइलवर जाऊन बसते.

३. "बाहेरची हवा" आणि "आतली हवा", दोन्ही बटणांवर तुलना करा. आतल्या हवेवर थ्रो चांगला आणि बाहेरच्या हवेवर कमी असेल, तर काचेखालच्या जाळीत पाला-कचरा अडकलाय का ते बघा.

४. हवा पायाकडे जाते पण तोंडावर येत नाही? मग आतली झडप, तिची केबल किंवा छोटी मोटर बघा.

५. सुरुवातीला हवा चांगली, अर्ध्या-पाऊण तासाने कमी, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा चांगली? म्हणजे कॉइलवर बर्फ धरतोय. इथे सेन्सर तपासा, फिल्टर तपासा आणि गॅसचं प्रेशरही मोजा. गॅस कमी झाल्यामुळेही बर्फ धरू शकतो. म्हणून अंदाजाने नाही, गेज लावूनच बोला.

काम करताना

डॅशबोर्डखाली हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअरबॅगची वायरिंग असेल तिथे अनुभवी माणसाशिवाय हात लावू नका. कॉइल साफ करायला फोम क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा. प्रेशर वॉशर किंवा स्क्रूड्रायव्हर नको, पाकळ्या लगेच वाकतात. पाणी बाहेर टाकणारी नळी मोकळी आहे ना, हेही बघा.

कॉइल बाहेर काढायची वेळ आली तर गॅस मशीनने काढून घ्यावा लागतो, हवेत सोडायचा नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये असणारा आर-१३४ए गॅस वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त ताकदीचा आहे. मशीन नसेल तर ते काम ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे सोपवा. "हे माझं काम नाही" असं स्पष्ट सांगणाऱ्यावर ग्राहकाचा विश्वास वाढतोच.

आता धंद्याचं बोलू

वाऱ्याचा वेग मोजणारं छोटं डिजिटल मीटर जवळ ठेवा. कामाआधी मधल्या जाळीसमोर आकडा घ्या, काम झाल्यावर त्याच जाळीसमोर, त्याच नंबरवर, तेवढ्याच अंतरावर पुन्हा घ्या. दोन्ही आकडे बिलावर लिहा. काढलेला जुना फिल्टर ग्राहकाच्या हातात द्या. "काम झालं" असं सांगावंच लागत नाही, त्याला दिसतं.

तपासणीची फी वेगळी ठेवा आणि आधीच सांगा. समजा २०० रुपये ठरवले, तर काम तुमच्याकडे केलं की ते बिलातून वजा करा. त्यामुळे निदान करण्याचे पैसे मिळतात, आणि पैसे निघावेत म्हणून नको तो पार्ट विकायची पाळी येत नाही. हा मुद्दा वहीत लिहून ठेवा!

गाडी उभी राहिली की पिकअपवाल्याचा दिवसाचा धंदा बुडतो. म्हणून तुम्हीच त्याच्याकडे जा. बाजार समितीत माल उतरेपर्यंत गाडी थांबलेलीच असते, त्या वेळेत तपासणी आणि फिल्टरचं काम होऊ शकतं. फेब्रुवारी-मार्चमध्येच जुन्या ग्राहकांना फोन करा, मे महिन्याची वाट बघू नका.

पुढचा विचारही करा. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, एकूण वजन साडेतीन टनांपेक्षा जास्त असलेल्या मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला आहे. लहान पिकअपना हा नियम नाही, पण आज पिकअपवर बसलेला हात उद्या ट्रकवरही चालेल.

सुरुवात मोठ्या मशीनने करायची गरज नाही. या आठवड्यात ओळखीच्या पाच पिकअपवाल्यांना गाठा, पहिला प्रश्न विचारा, पाचही तपासण्या करा आणि काय सापडलं ते लिहून काढा. गॅस भरणारे गावात खूप आहेत, आधी नीट विचारणारा मात्र शोधावा लागतो. तो तुम्ही व्हा!