मालवणच्या सागरतळाचे दर्शन

व्यापारी आणि समुद्र यांचा संबंध आजकालचा नव्हे. सोपारा, भडोच या बंदरांतून आपल्या देशाचा माल शतकानुशतके परदेशी जात होता, आणि आपल्या कथावाङ्मयातही श्रीपाल राजाच्या चरित्रात धवल शेठाच्या जहाजांचा ताफा येतोच. परंतु आपण पांढुर्णा-सौसरची मंडळी पडलो पक्की भूमीवरची. आपली जाम नदी कन्हानास मिळते, कन्हान वैनगंगेस. पुढे प्राणहिता आणि गोदावरी यांच्या मार्गाने आपल्या अंगणातील पावसाचे पाणी बंगालच्या उपसागरात जाऊन पडते. पाणी नित्यनेमाने सागरास जाते. आपण मात्र आडत, गोदाम आणि घर या त्रिकोणात आयुष्य काढतो. समुद्र पाहिलेले लोक आपल्यात पुष्कळ आहेत. समुद्राच्या आत काय आहे हे पाहिलेले थोडे. अलीकडे तरुण मंडळी सहलीस जातात ती नेमकी याच हेतूने. म्हणून या विषयावर वडीलधाऱ्यांनीही चार गोष्टी जाणून घ्याव्यात, या उद्देशाने हा लेख लिहीत आहे.

अशा दर्शनासाठी लक्षद्वीप किंवा अंदमान गाठलेच पाहिजे असे नाही. आपल्या मराठी मुलखातच सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण येथे ही सोय आहे. सन २०२५ च्या जानेवारीत चिरंजीव, सूनबाई आणि दोन्ही नातवंडे यांच्यासमवेत आम्ही उभयता नागपूरहून मडगावच्या गाडीत बसलो, दुसऱ्या दिवशी दुपारी कुडाळास उतरलो आणि तेथून सुमारे तीस किलोमीटरवरील मालवणास पोहोचलो.

मालवणच्या बंदरासमोर, कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर, शिवछत्रपतींनी बांधलेला सिंधुदुर्ग उभा आहे. सन १६६४ मध्ये पायाभरणी झाली आणि १६६७ मध्ये काम पुरे झाले. चहूबाजूंनी खारे पाणी असूनही किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. छत्रपती राजाराम महाराजांनी उभारलेले शिवरायांचे मंदिरही तेथेच आहे. आमच्या सहलीनंतर, जुलै २०२५ मध्ये, मराठा साम्राज्याच्या ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत हा किल्लाही आहे. तटावरून किल्ला पाहणारे हजारो असतात. पण त्याच तटाच्या पायथ्याशी, खडपांच्या आधाराने, पाण्याखाली दुसरी एक वस्ती नांदते. ती प्रवाळांची. या सृष्टीच्या रक्षणार्थ शासनाने १९८७ साली येथील २९.१२ चौरस किलोमीटरचा टापू सागरी अभयारण्य म्हणून घोषित केला.

होडीतून तेथवर जावयाचे आणि पाण्यावर पालथे तरंगून तळ पाहावयाचा, यास स्नॉर्कलिंग म्हणतात. साधने मोजकीच: डोळे व नाक झाकणारा काचेचा मास्क, तोंडात धरावयाची वाकडी नळी आणि अंगात तरंगते जॅकेट. मास्क कशासाठी, असा प्रश्न माझ्या नातवाने विचारला. तो योग्यच होता. मनुष्याच्या डोळ्याची रचना हवेतून येणाऱ्या प्रकाशासाठी आहे. डोळा पाण्याला भिडला की किरण पुरेसे वळत नाहीत आणि सर्व अंधुक दिसते. मास्कमुळे डोळ्यापुढे हवेचा कप्पा राहतो आणि दृष्टी स्वच्छ होते. मात्र या काचेतून वस्तू तिपटीच्या हिशेबात एक भाग मोठी, म्हणजे तीन बोटांचा मासा चार बोटांचा, आणि थोडी जवळ भासते. व्यापाऱ्याने हे ध्यानी ठेवावे: समुद्रातील मापास नेहमी चौथाई कसर धरावी! नळी लांब केली तर अधिक खोल जाता येईल, हा समजही खोटा आहे. हातभर खोलीवरच पाण्याचा दाब छातीवर इतका पडतो की श्वास ओढणे जड होते, आणि लांब नळीत सोडलेलीच हवा पुन्हा पोटात येते. म्हणून नळी आखूड ती आखूडच.

मला पोहता येत नाही. तथापि जॅकेट अंगात होते, एका हातात हवेची कडी आणि दुसरा हात तेथील एका तरुण वाटाड्याच्या हातात. खाऱ्या पाण्यात लिटरामागे सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असल्याने ते नदीच्या पाण्याहून वजनाने भारी असते आणि शरीर सहज उचलून धरते. प्रथम दोन-तीन श्वास घाबरेपणाचे गेले. मग कानांत केवळ आपल्याच श्वासाचा आवाज उरला आणि खाली पाहिले तो निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे थव्यांनी फिरत होते. धान्याच्या राशीसारखे गोल, करड्या-हिरवट रंगाचे प्रवाळाचे ढीग होते. काळ्या काट्यांचे साळिंदरासारखे जीव फटींत दडून बसले होते. एक पोपटाच्या चोचीसारख्या तोंडाचा मासा खडक कुरतडत होता, आणि तो कुरतडण्याचा आवाज पाण्यातून स्पष्ट ऐकू येत होता.

आता प्रवाळ म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. कारण पाहणारे बहुतेक जण त्यास दगड समजतात. अंगठीत बसवितात ते लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातील. त्याची आणि या ढिगांची जात निराळी, पण कूळ एकच. प्रत्येक ढीग म्हणजे सहस्रावधी सूक्ष्म प्राण्यांचे गाव आहे. हे प्राणी समुद्रातील चुन्यापासून आपले घर बांधतात. त्यांच्या देहात अतिसूक्ष्म वनस्पती राहतात. त्या सूर्यप्रकाशावर अन्न करतात आणि यजमानास त्यातील मोठा वाटा देतात. दोघांची ही भागीदारीची पेढी आहे. पाणी प्रमाणाबाहेर तापले की ही भागी मोडते, वनस्पती बाहेर टाकली जाते आणि प्रवाळ पांढरे पडून उपासमारीने मरू लागते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांच्या सुमारास जगभर असे घडले, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक आपत्तीची घोषणा केली. गोल ढिगाचे प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. म्हणजे टोपलीएवढा जो ढीग आपण पायाने मोडतो, तो आपल्या वयाइतका किंवा आपल्या वडिलांच्या वयाइतका जुना असतो.

युरोपातील विद्वान अठराव्या शतकापर्यंत प्रवाळास वनस्पती समजत असत. पुढे तो प्राणी आहे असे सिद्ध झाले. आपल्या उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात पृथ्वीकाय जीवांची जी नामावली आहे, तीत सोने व हिरा यांच्याबरोबर प्रवाळाचेही नाव येते. वर्गवारीत भेद असो. परंतु ती वस्तू निर्जीव नव्हे, याविषयी शास्त्र आणि आगम यांचे एकमत आहे. तेव्हा त्यावर पाय देऊन छायाचित्र काढून घेणे, हे निदान आपल्या घरातील मुलांना तरी शोभत नाही. कायद्यानेही, २००१ सालापासून, भारतीय समुद्रातील दगडी प्रवाळास वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कडक संरक्षण दिलेले आहे. त्याचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत घालणे हा गुन्हा ठरतो.

येथे एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. पाण्यात उतरण्यापूर्वी होडीवरील एकाने पावाची पाकिटे पुढे केली. पावाचा चुरा टाकला की मासे अंगाभोवती गोळा होतात आणि चित्रीकरण चांगले येते. सौ. म्हणाल्या, “अहो, घेऊन टाका. मुक्या जिवांना खाऊ घातल्याचे पुण्यच आहे.” आपल्या घराघरांतून पाखरांना ज्वारी आणि मुंग्यांना पीठ घालण्याची रीत आहे, तेव्हा त्यांचे म्हणणे स्वाभाविक होते. परंतु आमच्या वाटाड्याने नम्रपणे नकार दिला आणि कारणही सांगितले. प्रवाळावर शेवाळ सतत उगवत असते आणि काही जातींचे मासे ते चरून साफ ठेवतात. त्यांना पावाची चटक लागली की चराई थांबते, शेवाळ माजते आणि प्रवाळ गुदमरते. शिवाय धीट मासे जमून भित्र्या जातींना हुसकावून लावतात, आणि पावातील मीठ-मैदा माशाच्या पोटास सोसत नाही तो निराळाच. सौ.नी थोडा विचार करून पाकीट परत दिले आणि म्हणाल्या, “मग आपण नुसते पाहू. त्यांचे अन्न त्यांच्यापाशी आहे.” मला वाटते, दयेचा खरा अर्थ त्या एका वाक्यात आला. ज्यास गरज नाही त्यास देणे हे दान नव्हे. कित्येकदा तो आपल्या हौसेचा खर्च असतो.

या व्यवहाराची दुसरी बाजूही आपल्यासारख्या व्यापाऱ्यांनी पाहावी. मालवणचा किनारा हा पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगणारा. रापणीचे जाळे शेकडो हातांनी किनाऱ्यावर ओढावे आणि जे मिळेल ते वाटून घ्यावे, ही तेथील जुनी पद्धत. अभयारण्य झाले तेव्हा आपला धंदा बुडेल या भीतीने स्थानिकांनी विरोध केला, आणि त्यांची भीती अनाठायी म्हणता येत नाही. ज्याच्या घरी चूल त्या पाण्यावर पेटते त्यास न विचारता काढलेला हुकूम कोणास गोड लागेल? परंतु आता त्याच घरांतील तरुण होड्या चालवितात, वाटाडे होतात, पाहुण्यांना राहावयास खोल्या देतात. तारकर्ली येथे पाणबुडीचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी शासकीय संस्थाही आहे. आम्हांकडून माणशी पाचशे रुपये घेतले. मी मनाशी हिशेब केला: मेलेला मासा एकदाच विकला जातो, जिवंत मासा दररोज दाखविता येतो आणि शिल्लक तशीच राहते. अहिंसा आणि नफा एकाच खतावणीत जमेस पडावेत, असे प्रसंग व्यापारात फार येत नाहीत. हा त्यांपैकी एक आहे. मात्र भांडवल शाबूत राहिले तरच. नांगर प्रवाळावर टाकला, माणसे त्यावर उभी केली, तर ती मुद्दलाची विक्री होय.

मुद्दल जपण्याची एक चांगली रीत अंदमानात आहे. तेथील वांडूर येथे १९८३ साली सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. जॉली बॉय आणि रेड स्किन ही त्यातील दोन बेटे प्रवाशांसाठी आळीपाळीने खुली ठेवतात. एक चालू असता दुसऱ्यास विश्रांती. जॉली बॉयवर प्लॅस्टिक नेण्यास बंदी आहे. शेत पड ठेवून कस राखणारा आपल्याकडील शेतकरी हे तत्त्व लगेच ओळखील.

शेवटी सुरक्षिततेविषयी. हा विषय आनंदाचा नाही. पण टाळता येण्यासारखा नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या वरूड तालुक्यात, वर्धा नदीत नाव उलटून नातलगांपैकी अकरा जण बुडाले, ही घटना आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा अंत झाला. पाण्यावरील वजनाचा नियम आपल्या काट्यासारखाच निष्ठुर असतो. तेथे सूट नाही आणि उधारही नाही. आमच्या सहलीत किनाऱ्यावर प्रथम जी होडी पुढे आली, तीत माणसे दाटीने बसविली होती आणि जॅकेटे कमी होती. चिरंजीवांनी ती नाकारली आणि आम्ही तासभर थांबून दुसरी घेतली. त्या तासाची किंमत मी कधीच मोजणार नाही.

आपल्या संघातर्फे सभासद-कुटुंबांची सहल कोकणात नेण्याची चर्चा होत असते. ती अवश्य न्यावी. मात्र होडी ठरविताना पुढील अटी आगाऊ लिहून घ्याव्यात, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. होडीत बसण्यापूर्वी लहानथोर प्रत्येकाने जॅकेट घालून बंद आवळावेत. ठरलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस अधिक घेऊ नये, मग तो आपलाच पाहुणा का असेना. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी वैद्यांच्या सल्ल्याशिवाय पाण्यात उतरू नये. पावसाळ्याचे महिने सर्वस्वी वर्ज्य समजावेत. हिवाळ्यात सकाळी पाणी शांत असते, तीच वेळ धरावी. त्यामुळे सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांचीही सोय होते. शाकाहारी खानावळी आधी चौकशी करून ठरवाव्यात आणि दशम्या-चटणीचा डबा सोबत असू द्यावा. पाव टाकणार नाही, प्रवाळावर नांगर टाकणार नाही आणि कोणास त्यावर उभे करणार नाही, हे होडीवाल्याकडून कबूल करून घ्यावे. त्यासाठी माणशी शंभर रुपये अधिक पडले तरी ते खर्ची टाकू नयेत; ते जीवदयेच्या खात्यावर लिहावेत.